दोन तासांच्या आत

इरेकला सवलतीचं वेड होतं, पण ते वेड आहे हे त्याला कुणी कितीही सांगितलं तरी पटलं नसतं. तो लिफ्ट तपासणारा माणूस. पोलंडमधल्या बितोम शहरातल्या जुन्या दहामजली इमारतींतून दिवसभर फिरायचं, ब्रेक बघायचे, दोर बघायचे, सही ठोकायची. घरी आलं की बूट काढायच्या आधी संगणक सुरू आणि संगणकावरच्या खेळांच्या दुकानाचं पान समोर. कुठला खेळ साठ टक्क्यांनी उतरला, कुठला ऐंशी. खात्यात चारशेच्या वर खेळ साठले होते. पुरे खेळून संपवलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

शिवाय परत केलेले होते ते वेगळेच. दुकानाचा नियम साधा होता. खेळ घेऊन चौदा दिवस झाले नसतील आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर एक बटण दाबा, पैसे परत. इरेक एक तास पन्नास मिनिटं खेळायचा आणि ते बटण दाबायचा.

"हात लावायचा, चाखायचं, टाकून द्यायचं," सिल्विया म्हणायची. "एक तरी खेळ शेवटपर्यंत खेळ की रे. एक दिवस मलाही परत करशील."

"लग्नाला नऊ वर्षं झाली. तुझी मुदत कधीच टळून गेली."

दोन वर्षांपूर्वी ती यावर खळखळून हसली असती आणि वर त्याच्या पाठीत धपाटा घातला असता. त्या बुधवारी मात्र तिनं नुसती बशी उचलली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. इरेकला वाटलं, उठावं, आत जावं, काहीतरी बोलावं. पण तो पुन्हा सवलती बघत बसला.

गुरुवारी त्यानं 'भरलेलं घर' नावाचा खेळ घेतला. नव्वद टक्के सूट, साडेतीन झ्लोटी, म्हणजे पावाच्या किमतीत. खाली कुणाचा एक अभिप्रायही नव्हता. खेळ उघडला तर बर्फात एक लाकडी घर, आत भट्टी, चार खुर्च्या, माणूस कुणी नाही. दाराच्या आतल्या बाजूला पाटी होती. वर लिहिलेलं, 'इथे कोण कोण राहतं?' आणि खाली तीन रिकाम्या ओळी.

खेळणारे सगळे जे करतात तेच त्यानं केलं. घरातलीच नावं भरली. पहिलं क्लुस्का, त्यांची कुत्री. बटाट्याच्या गोळ्यासारखी गुबगुबीत म्हणून हे नाव. दुसरं ट्रूडा, त्याची सासू, खास गंमत म्हणून. तिसरं सिल्विया.

अर्धा तास काहीच घडलं नाही. तो घरभर फिरला, लाकडं फोडली, भट्टी पेटवली. मग दार ढकलून एक कुत्री आत आली, अंग झाडलं आणि त्याच्या पायाशी बसली. गुबगुबीत होती. डावा कान मुडपलेला होता, खऱ्या क्लुस्कासारखाच.

"अगं, हिचा कान बघ," तो ओरडला, पण सिल्विया फोनवर होती.

त्या रात्री त्यानं क्लुस्काला फिरायला न्यायला हाक मारली. ती आली नाही. दोनदा, तीनदा हाक मारली. ती दाराच्या फटीला नाक लावून उभी होती. गळ्यात पट्टा घालायला तो वाकला तेव्हा तिनं दात दाखवले. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"रुसलीय तुझ्यावर," सिल्विया म्हणाली. "बरोबर आहे तिचं. मीही रुसले असते."

शनिवारी दुपारी त्या खेळात सासूबाई आल्या. टकटक नाही, काही नाही. सरळ आत शिरल्या, फळीवरून बोट फिरवलं आणि धूळ त्याच्या नाकासमोर धरली. "इरेक, हे घर आहे की खाणीचं तोंड?" आवाजसुद्धा हुबेहूब. इरेकला इतकं हसू आलं की हेडफोन काढून डोळे पुसावे लागले. हा खेळ आपलं बोलणं कुठूनतरी ऐकत असणार, नावावरून आवाज जुळवत असणार, आजकाल काय वाट्टेल ते करतात. तो यंत्राचा माणूस होता, त्याला एवढं पुरेसं होतं. खेळ बंद केला तेव्हा दुकानाच्या पानावर वेळ दिसली. एक तास एकतीस मिनिटं.

रविवारी बारा वाजता दाराची बेल वाजली.

सिल्विया ओल्या हातानं बाहेर आली. "आत्ता कोण?"

दारात ट्रूडा उभी होती. या घराची किल्ली तिच्या पर्समध्ये आठ वर्षं होती आणि बेल तिनं एकदाही वाजवली नव्हती. दर रविवारी ती आपणच कुलूप उघडायची, आत येतायेताच जावयाला नावं ठेवायची आणि ओव्हनमध्ये डोकवायची.

"आत येऊ का?" तिनं विचारलं.

तिनं कोट नीट घडी करून मांडीवर घेतला आणि खुर्चीच्या टोकावर बसली. सूप चमच्याचमच्यानं, आवाज न करता प्यायली. टेबलाखाली क्लुस्काला एक तुकडाही टाकला नाही, आणि क्लुस्कानंही मागितला नाही.

"तुमचं घर छान आहे," ती इरेकला म्हणाली. "उजेड चांगला येतो."

"आई, चेष्टा पुरे हं," सिल्विया म्हणाली. ती हसायचा प्रयत्न करत होती.

"नाही हो, खरंच छान आहे."

सिल्वियानं चमचा खाली ठेवला. आईला ओढत खिडकीपाशी नेलं, तोंड वाकडं झालंय का बघितलं, दोन्ही हात वर करायला लावले. हात सरळ वर गेले. "मेंदूचं काही असेल. मी हिला दवाखान्यात नेते. तू थांब, फोन आला तर घे." दारातून ती परत वळली आणि एकदम इरेकला बिलगली. कितीतरी दिवसांनी. "मला फार भीती वाटतेय रे," ती म्हणाली आणि गेली.

घर गप्प झालं. टेबलावर कोबी आणि बटाट्याचे गोळे तसेच पडले होते. इरेकला पाटीवरचं तिसरं नाव आठवत होतं. वेड्यासारखा विचार आहे, हे त्याला कळत होतं. तरी तो संगणकापुढे बसला. एक तास एकतीस. मुदत शिल्लक आहे, बटण दाबलं की संपलं.

पण नुसतं परत करून ते नाव पुसलं जाईल का? आधी आपल्या हातानं पुसावं, मग परत करावं. लिफ्टसुद्धा आधी थांबवतात, मग दार उघडतात. त्यानं हेडफोन घातले आणि खेळ उघडला.

नाव पुसलं जाईना. त्यानं सगळी बटणं दाबून पाहिली. खेळातल्या घरात मागे पावलं वाजली आणि दार उघडलं.

सिल्विया होती. केस ओले, नाक लाल. पहिल्या वर्षी, त्या गळक्या भाड्याच्या खोलीत राहत होते तेव्हा, दिसायची तशी.

"हे काय, उभा काय राहिलास?" ती म्हणाली. "बस की जरा. कसली मेली घाई असते रे तुला?"

तो बसला. तिनं चहा ओतला. तिनं काहीतरी विचारलं, त्यानं लिहून उत्तर दिलं, आणि ती हसली, खळखळून. तो पुन्हा लिहू लागला. बितोममधल्या लिफ्टच्या गोष्टी, दोन वर्षांत कुणी न विचारलेल्या. तिला सगळ्या ऐकायच्या होत्या. त्याचे डोळे भरून आले. भानावर आला तेव्हा दुकानाच्या पानावर एक तास चोपन्न मिनिटं दिसत होती.

त्यानं परतीची खिडकी उघडली आणि बाण बटणावर नेला.

घराची बेल वाजली.

त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. सिल्वियाकडे किल्ली होती. जाताना तिनं ती खिशात टाकलेली त्यानं पाहिली होती.

पुन्हा बेल.

क्लुस्का दारापाशी जाऊन पंजानं ओरबाडू लागली, कुईकुई करू लागली.

"माफ करा," बाहेरून आवाज आला. सिल्वियाचाच, पण सभ्य, परका. "घरात कोणी आहे का? मला हा पत्ता मिळाला. कशासाठी, ते लक्षात येत नाहीये."

एक तास सत्तावन्न. अजूनही दाबता येत होतं. दाबलं तर दारातली ही बाई कदाचित पुन्हा त्याची होईल. बुधवारची. नळ सोडून उभी राहणारी.

टेबलावरच्या हेडफोनमधून बारीक आवाज आला. "कोणीतरी बाई आलीय वाटतं. उघडू नकोस. चहा निवतोय."

त्याला लाज वाटली. भयंकर लाज वाटली. बोट बटणावर होतं आणि ते हलत नव्हतं.

"काही हरकत नाही," बाहेरची म्हणाली. "चुकून आले असेन."

एक तास एकोणसाठ.

पावलं लिफ्टकडे गेली.

दोन तास.

परतीचं बटण राखाडी झालं. क्लुस्का दाराशी आडवी पडली आणि तिनं त्याच्याकडे पाठ केली.

"गेली," हेडफोनमधली सिल्विया म्हणाली.

मग आतून कडी लावल्याचा आवाज आला. हेडफोनमधून नाही. त्याच्या पाठीमागून, त्याच्याच घराच्या दारातून.