चौथ्या सुराचा जोर

ही घटना खरी आहे. थाप वाटली तर खुशाल वाटू द्या. मामांची गोष्ट रंगवून सांगावी इतकं माझं त्यांच्यावर प्रेम नाही.

मंगळवार. दुपारचे साडेतीन. जिन्याखालची मामांची रेकॉर्डिंगची खोली. दार बंद, फोन बंद.

एका मालिकेचं शीर्षकसंगीत सहाच्या आत पाठवायचं होतं. चाल मास्तरांची होती. मास्तर म्हणजे मामांना वाजवायला शिकवणारे, त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी वारलेले. कीबोर्डही त्यांचाच, त्यांच्या बायकोने स्वतः आणून दिलेला. नाव मात्र मामांनी बेधडक स्वतःचं टाकलं होतं.

शेवटच्या वर्षात मास्तरांची उजवी करंगळी दुबळी झाली. तिचा सूर महिन्यागणिक बारीक होत गेला. मामा चारचौघांत त्याची हुबेहूब नक्कल करायचे. करंगळी रिटायर झाली, मास्तर अजून नोकरीवर, असं म्हणायचे.

या कीबोर्डवर तशी मेहनत नव्हतीच. घंटा आणि व्हायोलिन हे दोन आवाज एकावर एक चढवायचे, उजव्या हाताने चार पट्ट्या दाबून धरायच्या, चौथी करंगळीने. ते चार सूर यंत्रच एकामागून एक वाजवत राहतं आणि रेकॉर्डही करतं. प्रत्येक सुराचा जोर मामांनी शंभरावर पक्का केला होता.

त्यांनी रेकॉर्ड केलं. मग ऐकलं.

तीन सूर खणखणीत.

चौथा... दबका.

मामांनी कीबोर्डच्या पडद्यावर सुरांच्या जोराची यादी उघडली.

शंभर, शंभर, शंभर... सदतीस. खालपर्यंत तेच.

सगळे सदतीस त्यांनी शंभर केले. पुन्हा लावलं.

छत्तीस.

पुन्हा दुरुस्त केलं.

पस्तीस.

मामा घाबरले नाहीत. घाबरायला समोरच्याला थोडी किंमत द्यावी लागते, ती त्यांनी जन्मात कुणाला दिली नाही. उलट हसू आलं. मेल्यावरही म्हाताऱ्याला धड वाजवता येत नाही, म्हणाले. आणि आकडा कुठवर घसरतो ते बघायला परत परत लावत बसले.

वीस. बारा. चार.

पाचच्या सुमारास एक झाला.

मग... शून्य.

चौथ्या सुराच्या जागी काहीच उरलं नाही.

"संपलात ना मास्तर?" मामांनी मोठ्याने विचारलं. सगळं पुसून टाकलं आणि नव्याने चार बोटं ठेवली.

तीनच सूर आले, चौथ्याची जागा रिकामी.

मामांनी खाली पाहिलं.

करंगळी पट्टीवरच होती... पट्टी मात्र खाली गेली नव्हती.

ती करंगळी अजून दबत नाही; डॉक्टर म्हणतात नस ठीक, हाड ठीक, मनाचे खेळ आहेत. त्या दिवशी घड्याळ थांबत नव्हतं म्हणून मामांनी तेच तीन सूर पाठवले. मालिकावाल्यांना मधली रिकामी जागा फार आवडली. पडद्यावर नाव मामांचंच येतं. ती मालिका लागली की मामा उठून दुसऱ्या खोलीत जातात.

मामांची चांगली जिरली, हेच सांगायला मी बसलो होतो.

पण लिहिता लिहिता आठवलं. ती नक्कल बघून सगळ्यात मोठ्याने मी हसायचो. एकदा तर मास्तर दारात उभे असताना, पुन्हा करा ना मामा, असं मीच म्हटलं होतं.

सकाळपासून उजव्या हाताची मूठ मिटून बघतोय.

अजून तरी मिटते आहे...