फळीला कान

बोट घ्यायची ती या दोनांतलीच एक, इथवर बहीण-भावाचं एकमत होतं. कोणती घ्यायची, एवढ्यावरच सकाळपासून गाडी अडली होती.

दोघंही डॉक्टर. दूरदेशी शिकून, तिथल्या चांगल्या नोकऱ्यांवर पाणी सोडून परत आलेले. पलीकडच्या बेटांवर दवाखाना नव्हता, आणि समुद्र खवळला की फेरीबोट बंद. म्हणून शिडाच्या बोटीतच दवाखाना थाटायचा, हे खूळ मुळात दादाचं. ते आपल्याला केव्हा लागलं, हे तिला कळलंही नव्हतं.

दुरुस्तीच्या आवारात दोन्ही बोटी कोरड्या जमिनीवर, टेकूंवर शेजारी शेजारी उभ्या होत्या. जुनी लाकडाची, लांब, निमुळती. नजर ठरू नये इतकी देखणी, पण आत वाकून चालावं लागे. नवी फायबरची, रुंद, पांढरीफटक. दादा तिला फ्रीज म्हणायचा. पण त्या फ्रीजमध्ये माणूस ताठ उभा राहत होता, रोग्याला नीट आडवं करता येत होतं. अशीच बोट हवी म्हणून वर्षभर तिचं डोकं खाणारा दादाच होता. काल एकटाच येऊन पाहून गेला आणि तेव्हापासून जुनीवर हटून बसला.

"म्हातारीवर जीव जडलाय तुझा," ती म्हणाली. एरवी शब्दाला शब्द देणारा दादा नुसता हसला.

बोट तपासणारा सर्व्हेअर लाकडी हातोडीने नवीची कड ठोकत, कान लावत पुढे सरकत होता. सडलेल्या जागी आवाज बसका येतो, असं तो म्हणाला आणि हवं तर तुम्हीही बघा म्हणून त्याने दुसरी हातोडी तिला दिली. आभाळ भरून आलं होतं. वारा पडला होता. ओल्या दोरांचा आणि डांबराचा वास हवेत नुसता थांबून राहिला होता.

तिने जुनीच्या पोटावर हलकेच ठोकलं. आवाज भरीव आला. लाकूड चांगलं होतं.

मग आतून कुणीतरी ठोकलं.

कुणी कामगार असेल, असं वाटून तिने गमतीने पुन्हा ठोकलं. आतून तसंच उत्तर आलं, पण घाईघाईने, उलट्या मुठीने दिल्यासारखं. तिने फळीला कान लावला. आत पाणी हिंदकळत होतं. आणि त्या पाण्यावरून, दमलेला, ओळखीचा आवाज...

"ठमे... झाकण उघडत नाहीये गं..."

ठमी तिला जगात एकच माणूस म्हणायचा. तो नवीच्या सावलीत, तिच्यासमोर, सर्व्हेअरशी बोलत उभा होता.

ती शिडी चढून वर गेली. झाकण सहज उघडलं. आत कोरडं, उबदार, रिकामं. फक्त खारट ओल्या कपड्यांचा वास.

खाली उतरताना तिने मनाशी पक्कं केलं, ही बोट घ्यायची नाही. काही झालं तरी नवीच. दादा रुसला तर रुसू दे. सर्व्हेअर जुनीकडे वळताच ती नवीपाशी गेली, आणि का कोण जाणे, त्या गुळगुळीत पांढऱ्या अंगाला तिने कान लावला.

इथेही पाणी होतं. इथेही दादा होता. आणि त्याच्याजवळ दात वाजवत कुणी बाई बोलत होती.

"दादा, हात सोडू नकोस..."

स्वतःचा आवाज असा बाहेरून ऐकला की आधी परका वाटतो. तिलाही क्षणभर तसाच वाटला.

मागून खांद्यावर हात पडला. दादा होता. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याला विचारावं लागलं नाही.

"ऐकलंस तर."

"तुला... काल...?"

"त्याआधीही. इतर बंदरांतही बघून आलो, तुला न सांगता. सगळ्या बोटींत दोघं असतात, ठमे. या जुनीत तेवढा मी एकटा आहे."

मग बोटच नको, एवढं ती कसंबसं म्हणाली.

"आणि तिकडची माणसं?"

गेल्या वादळात बेटावरची अडलेली बाळंतीण दोघांच्याही देखत, पण फार उशिरा, किनाऱ्याला पोचली होती. ते तोंड तिला अजून दिसायचं. दादा तिची समजूत घालत राहिला: तू किनाऱ्यावरचं बघ, औषधं लाव, फेऱ्या मी करीन. लहानपणी इंजेक्शनला घाबरणाऱ्या तिला तो असाच समजवायचा.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "जुनी घेऊ."

दादाने सुटकेचा श्वास टाकला आणि सर्व्हेअरला सांगायला निघाला. त्याच्या पाठमोऱ्या, किंचित वाकलेल्या खांद्यांकडे ती बघत राहिली. याला एकट्याला कुठे जाऊ देणार मी, एवढंच तिच्या मनात आलं. ओठांवर तिने ते येऊ दिलं नाही.

सर्व्हेअर जुनीच्या फळीला कान लावून ओणवा झाला होता. दादाची चाहूल लागताच त्याने हाताने गप्प राहायची खूण केली.

"आत कुणी उतरलंय का?"

दादाने मान हलवली. "कुणी नाही. का?"

सर्व्हेअरने पुन्हा कान टेकवला. बराच वेळ टेकवून ठेवला.

"नाही... आत्तापर्यंत एकच जण ठोकत होता," तो हळू म्हणाला. "दुसरं कोण आलं?"