भिंतीकडे वळलेलं अंडं

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलेली. गेल्या थंडीतली, तीही भर दुपारची. मामाची ड्यूटीच दिवसाची, भुताचा नाइलाज झाला.

मामा कॅन्सरच्या प्रयोगशाळेत कामाला. कोंबडीच्या अंड्याला वरून छोटी खिडकी पाडायची, आतल्या पडद्यावर माणसाच्या गाठीचा कण ठेवायचा, चिकटपट्टी लावून उबेच्या पेटीत ठेवायचं. पिल्लाच्या रक्तावर गाठ कशी वाढते ते बघायचं.

खिडकी कायम वर. अंडं हलवायचं नाही.

मामी गाठीनंच गेली. जाण्याआधी तिनं स्वतःच गाठ प्रयोगाला दिली. "घरी कधी बघितलं नाहीत. आता तिथे तरी बघाल माझ्याकडे!"

ती गाठ एकाच अंड्यात रुजली. जगात मामीचं तेवढंच जिवंत उरलं होतं.

त्या सकाळी मामानं पेटी उघडली. ते अंडं कुशीवर वळलं होतं...

खिडकी भिंतीकडे.

मामानं ते सरळ केलं. चहा पिऊन आला.

पुन्हा... भिंतीकडे.

मामाच्या अंगावर काटा आला. मामी रुसली की अशीच झोपायची. कारण विचारलं की म्हणायची, "तुम्हालाच माहीत!" मामाला कधीच माहीत नसायचं. सगळा संसार त्यानं नुसत्या 'चुकलो'वर रेटला होता.

दुपारी प्रयोगशाळेच्या मॅडम बर्फाचा डबा घेऊन आल्या. आज गाठ काढायची होती.

"मॅडम, पाच मिनिटं द्या."

"का? अंड्यांशी गप्पा राहिल्यात?" हसत त्या हातमोजे आणायला गेल्या.

खोलीत कुणी नाही. फक्त पेटीची घरघर...

तीही थांबली.

मामा काचेशी वाकला. "चुकलो गं. एकदा इकडे बघ. घरी फार शांत असतं."

टक्...

अंडं हळूच वळलं. खिडकी मामाकडे.

मॅडमनी येऊन अंडं दिव्यावर धरलं. "अहो, यातलं पिल्लू कालच गेलेलं दिसतंय!"

 गाठ काढून बर्फाच्या डब्यात गेली.

दोन दिवसांनी दुपारी मी मामाकडे गेलो. एवढ्या मोठ्या पलंगावर तो एका कडेला अंग चोरून पडला होता.

"मामा, नीट झोप की!"

"हळू बोल. आत्ताच राग गेलाय तिचा."

रिकाम्या बाजूला मी सहज हात टेकला...

गरम होती.

तेव्हापासून आमची ही भिंतीकडे वळली, की मी आधी 'चुकलो' म्हणतो. कारण विचारत बसत नाही.