मोनालीची मान

बाजाराच्या दिवशी आष्टीच्या सरकारी दवाखान्यात, ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीतून उषाबाई वाकत वाकत आत आल्या. त्यांना दंडाला धरून एक उंच माणूस उभा होता. मुलगा असेल असं समजून डॉ. मोनालीने वर न बघताच विचारलं, "आईला कधीपासून दुखतंय?"

"आई न्हाई मॅडम, पेशंट हायेत माझ्या. मी सोमेश्वर. बाजारगल्लीतला मणकेवाला."

मोनालीने पेन खाली ठेवलं. हाच तो! कडकड आवाज काढून पाठी मोकळ्या करणारा. मलेशियातून कायरोप्रॅक्टिकची पदवी घेऊन आलाय म्हणे. अख्खं गाव आधी त्याच्याकडे जायचं आणि नंतर तिच्यापासून लपवायचं.

"मग काय, बिघडवून आणलंत?"

"हातच न्हाई लावला." तो शांतपणे म्हणाला. "वजन उतरलंय, रोज संध्याकाळी ताप येऊन राह्यला, आन् एकाच मणक्यावर बोट टेकलं की कळवळतेत. अशा पाठीला झटका देणं बराबर न्हाई. आधी तुम्ही बघा."

जालन्याला तपासण्या झाल्या आणि मणक्याचा टीबी निघाला. त्या पाठीला जोराचा झटका बसला असता, तर पाय गमावण्याची वेळ आली असती. मोनालीने औषध सुरू केलं आणि उषाबाईंच्याच हाती चिठ्ठी पाठवली. 'तुमचा संशय खरा होता. मी बोलले त्याबद्दल माफ करा.'

तेव्हापासून चिठ्ठ्या सुरू झाल्या. कापूस वेचून कंबर धरलेल्या बाया ती तपासून त्याच्याकडे पाठवायची. कुणाच्या पायाला मुंग्या आल्या, हाताची पकड सुटली, की तो तिच्याकडे पाठवायचा. फोन नंबर दोघांकडे होते. पण पेशंटच्या हाती चिठ्ठी असली की तो कुणापासूनच काही लपवत नसे... हे कारण दोघांनाही फार सोयीचं पडलं! हळूहळू खाली एखादी ओळ जास्तीची यायला लागली.

'काकासाहेबांची कंबर ठीक. थंडी लई हाये, स्वेटर घाला.'

'स्वेटर नाशिकला राहिलं. काकासाहेबांना आठ दिवस ओझं नको.'

दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये ती एकटीच राहायची. संध्याकाळी सहानंतर बोलायला माणूस नसे. दोन पोळ्या, वाटीभर भाजी, आणि टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडण. अख्ख्या दिवसात कुणी तिची स्वतःची विचारपूस करत असेल, तर ती त्या चिठ्ठीतली शेवटची ओळ. त्या ओळीची ती वाट बघायची, आणि भ्यायचीही — तो सगळ्यांनाच असं लिहीत असला तर? सरकारी नोकरीच्या बॉण्डचं वर्ष संपायला पंधराच दिवस उरले होते. त्याच्या मनात काही आहे की नाही, हे न कळताच नाशिकला परतायचं?

तेवढ्यात तिची मान आखडली. नाटक नव्हतं हो, खरंच आखडली! दुपारी ती पहिल्यांदाच त्याच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढली.

सोमेश्वर एकटाच होता. त्याने लांबूनच विचारलं, मुंग्या येतात का, हात जड वाटतो का, चक्कर? नाही, नाही, नाही. मग तो खुर्चीत बसून लिहायला लागला.

"तपासणार नाही?"

"न्हाई. जालन्याला मस्तगडात संघपाल म्हणून दोस्त हाये, फिजिओ. त्याच्याकडं जा."

तिचा चेहरा पडला. साऱ्या गावाच्या पाठी चालतात, आणि मी तेवढी नको? "मी डॉक्टर आहे म्हणून?"

"न्हाई."

"मग... माझ्या मानेत काही गंभीर वाटतंय का?"

"बिलकुल न्हाई. उशी उंच आसंल." पेन थांबलं. त्याचे कान लाल झाले होते. "मॅडम, जिच्यात जीव गुंतला, तिला पेशंट करायचं न्हाई, असा माझा नेम हाये. चार महिने झाले... सांगू सांगू म्हणून राह्यलो."

मोनाली हसायला गेली, मानेत कळ आली, आणि डोळ्यांत एकदम पाणी आलं.

"चार महिने मी भिंतींशी बोलतेय, सोमेश्वर. आणि तुम्ही दोन गल्ल्यांवर..."

"मीबी एकटाच होतो की."

बाहेर कापसाचा ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ दारापर्यंत आली.

"पंधरा दिवसांनी मी गेले तर?" तिने विचारलं.

"मंग पुन्हा एकटा." तो खाली बघत म्हणाला.

"जालन्याला तरी सोबत याल?"

"आत्ता निघू. जल्दी."

"मग ऐका," ती उठली, आणि वाकडी मान सांभाळत त्याच्यापुढे हात केला. "नाशिकला मी फक्त आईला सांगायला जाईन. आणि परत येईन."

त्याने तो हात दोन्ही हातांत धरला.