कांजिण्यांचा व्रण

अंतराळवीरांच्या या गावात परतलेला माणूस घरच्यांना आधी काचेआडूनच भेटतो. उल्यानाने चेरीच्या सरबताची बाटली परिचारिकेकडे दिली, चार वर्षांच्या तायाला कडेवर घेतलं आणि फोन उचलला. पलीकडे तिचा नवरा रोदिओन होता. शेजारी इंगा, सहा महिने त्याच्यासोबत वर राहिलेली. त्या दोघांमध्ये काच नव्हती.

"उल्या, नवरा तुझा, पण घोरणं माझ्या नशिबी आलं गं!" इंगा त्याच्या फोनमध्ये तोंड घालून हसली.

उल्यानाही हसली. ओठांपुरतं.

डॉक्टरांनी समजावलं होतं. वर गेलं की शरीराचा पहारा ढिला पडतो, लहानपणापासून अंगात दडलेले विषाणू जागे होतात. इंगाच्या कांजिण्यांचा विषाणू तसाच जागा झाला, तिच्या कमरेवर नागीण उठली आणि तिच्यापासून रोदिओनला कांजिण्या आल्या. त्याला त्या आधी कधी झाल्याच नव्हत्या. तायालाही नाहीत. म्हणून काच.

सगळं पटण्यासारखं होतं. रोदिओनच्या अंगभर हिरव्या औषधाचे ठिपके होते. कांजिण्यांवर इथे तेच लावतात. पण डाव्या भुवईत ठिपका नव्हता. तिथे खड्डा होता. पांढरा, जुना.

"हे काय?"

"लहानपणचं. खाजवलं होतं. ग्लाफिरा आजी काय ओरडली होती!"

"तुझ्या आजीचं नाव ते नव्हतं, रोद्या."

"अगं, ती माझी आजी," इंगा म्हणाली. "इतक्या गप्पा मारल्या, की याची सरमिसळ झाली बघ."

उल्यानाला घरातल्या कपाटावरचा उड्डाणाआधीचा फोटो आठवला. त्यात हाच खड्डा इंगाच्या भुवईत होता. आता तिथली कातडी गुळगुळीत.

दुसरीचं बालपण तिच्या नवऱ्याच्या कपाळावर येऊन बसलं होतं. आठ वर्षांच्या संसारात तीसुद्धा त्याच्या इतक्या आत शिरली नव्हती.

तेवढ्यात तायाने काचेला कपाळ टेकलं. पलीकडून इंगा वाकली आणि तिनेही नेमकं तिथेच टेकलं.

"माझी चिमणी ती!" फोनमधून इंगाचा आवाज आला.

"तिची आई मी आहे," म्हणत उल्यानाने फोन आदळला आणि ती तायाला घेऊन निघाली.

घरी तिने पोरीचं तोंड साबणाने धुतलं. पुन्हा धुतलं.

"आई, किती खाजत होतं!"

"कधी?"

"ग्लाफिरा आजीने हिरवं लावलं ना, तेव्हा."

ते नाव तायाने ऐकलंच नव्हतं; फोन तर उल्यानाच्याच कानाला होता.

तिने टॉवेल बाजूला केला.

डाव्या भुवईत खड्डा. ना लाली, ना खपली. पांढरा पडलेला, कडा झिजून मऊ झालेल्या.

तायाच्या वयापेक्षा कितीतरी जुना.