एका रेघेचा फरक

शहर वाढत चालले होते आणि बंदराचा जुना धक्का त्यास अपुरा पडू लागला होता. नवा धक्का कोठे बांधावा व त्याकडे जाणारा रस्ता किती रुंद असावा, हे ठरविण्यासाठी नियोजन खात्याने सात दिवसांची वाहनगणना योजिली. जुन्या धक्क्याच्या वाटेवर, शेवटच्या वळणापाशी, पत्र्याची एक चौकी उभी राहिली. तीत एक टेबल, एक खुर्ची, भिंतीवर नकाशा आणि एक गणक. नकाशात नवा धक्का निळ्या पेन्सिलीच्या तुटक रेघांनी दाखविला होता. प्रत्यक्षात त्या जागी पाण्यावाचून काही नव्हते.

गणकाचे काम सोपे होते. मालमोटार धक्क्याकडे निघाली की चालकास विचारावयाचे, कोठे निघालात, आणि 'जाणारी' या रकान्यात एक उभी रेघ ओढावयाची. परतली की 'येणारी'त एक. रस्ता धक्क्यावरच संपत असे, दुसरी वाट नव्हती. दिवस मावळताना धक्क्याचे फाटक बंद होई. तेव्हा सायंकाळी दोन्ही रकाने जुळलेच पाहिजेत.

पहिल्या दिवशी जाणारी दोनशे बारा भरली, येणारी दोनशे अकरा.

"डुलकी लागली असेल," खात्याचे अभियंता साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही एकाचाच फरक आला. तिसऱ्या दिवशी साहेबांचा पारा चढला.

"पुढं समुद्र आहे. गाडी काय पोहत गेली?"

दोघे जाऊन धक्का पाहून आले. तेथे एकही वाहन उभे नव्हते. गाडी हरवल्याची तक्रारही कोणा मालकाने केलेली नव्हती.

चौथ्या दिवशी गणक डोळ्यांत तेल घालून बसला. चालकांनी त्याचे नाव एव्हाना रेघोबा पाडले होते.

"रेघोबा, माझी रेघ सरळ ओढा. वाकडी ओढाल तर गाडी खड्ड्यात जाईल."

"गाडी तुझी आधीच वाकडी आहे. पुढं घे."

"येतो मग."

प्रत्येक जण निघताना 'येतो' म्हणे. शेजारच्या खोलीत जाणारा मनुष्यसुद्धा तसेच म्हणतो. निघताना 'जातो' म्हणू नये, हे आपल्यात कोणास शिकवावे लागत नाही.

तीनच्या सुमारास एक राखाडी मालमोटार थांबली.

"कुठं निघालात?"

"नव्या धक्क्याला."

गणक हसला. "तो अजून कागदावर आहे हो."

चालकाने त्याच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, कीव होती.

"जातो," तो म्हणाला.

रस्ता कोरडा ठणठणीत होता. तरी त्या मालमोटारीच्या मागे चाकांचे दोन ओले पट्टे उमटत गेले. ती परत आली नाही.

पाचव्या आणि सहाव्या दिवशीही एकेक तशीच आली. तेच उत्तर, तोच शब्द.

सहाव्या दिवशी सायंकाळी गणक घरी जेवावयास बसला. त्याचा धाकटा भाऊही मालमोटार चालवीत असे. तो घास गिळून सहज बोलला, "मालकानं उद्या नवं काम दिलंय, दादा. नव्या धक्क्यावरचं."

गणकाचा हात ताटातच राहिला.

"आई, उद्या ह्याला पाठवू नकोस."

"का रे? अंगात ताप आहे का त्याच्या?"

गणक अर्ध्या ताटावरून उठला.

सातव्या दिवशी तीन वाजता धाकटा आला. गणक गाडीच्या पुढ्यात उभा राहिला.

"बाजूला हो ना. मागं रांग लागलीय."

"निघताना काय म्हणायचं असतं?"

"काय?"

"येतो म्हण."

"तुला उन्हाचा त्रास होतोय, दादा."

"म्हण आधी."

"येतो, येतो, येतो. तीनदा झालं. आता ओढ तुझी रेघ."

गणकाने रेघ ओढली. मागे पट्टे उमटले नाहीत. त्याने दोनदा खात्री करून घेतली.

सूर्य पाण्याला टेकला. येणारीत एक रेघ कमी होती.

साहेब शेजारी उभे राहून घड्याळ पाहत होते.

तेवढ्यात वळणावर गाडी दिसली. खिडकीत धाकट्याचे कोपर होते.

गणकाचा जीव भांड्यात पडला. त्याने रेघ ओढली. जाणारी एकशे अठ्ठ्याण्णव, येणारी एकशे अठ्ठ्याण्णव.

"जुळलं," साहेब म्हणाले.

गाडी चौकीपाशी थांबली. तिचे तोंड शहराकडे होते. त्या बाजूस त्यांची गल्ली होती आणि दाराशी वाट पाहणारी आई होती. गणकास थट्टा सुचली.

"बोला डायव्हरसाहेब, कुठं निघालात?"

धाकट्याने त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत कीव होती.

"नव्या धक्क्याला."

"अरे, तो तर मागं..."

"जातो, दादा."

गाडी शहराच्या दिशेने निघाली. कोरड्या रस्त्यावर दोन ओले पट्टे उमटत गेले.

"सही करा," साहेबांनी कागद पुढे सरकविला.

गणक वाकला. जाणारीच्या रकान्यात शेवटी आणखी एक रेघ होती. किंचित डावीकडे कललेली, जशी तो नेहमी ओढीत असे.

शाई अजून ओली होती.