एक घर सरकलेला आवाज

माझा मुलगा लोकेश चारचौघांत हसत सांगतो, की आमच्या अम्माचे कान आता म्हातारे झालेत.

माझे कान ठणठणीत आहेत. चौथीपुढे मी शाळा पाहिली नाही, पण बेंगळुरूच्या टेलिफोन कारखान्यात सत्तावीस वर्षं तारा जोडल्यात. जे घडलं ते घडलं. ज्याला खरं वाटत नसेल त्याने इथेच वाचणं थांबवावं.

गेल्या वैशाखातला रविवार. महालक्ष्मी लेआउटमधलं आमचं घर. दुपारचे तीन. हो, दुपारचेच. ऊन इतकं, की अंगणात पाय ठेववत नव्हता.

घर आगगाडीच्या डब्यांसारखं आहे. आधी देवघर, मग स्वयंपाकघर, मग न्हाणीघर, मग हॉल, मग नातवाची, म्हणजे बाळाची खोली. तिच्या दाराबाहेरून जिना वर जातो. वरचे भाडेकरू सोडून गेले होते. खोल्यांना कुलूप होतं.

लोकेश हॉलमधल्या टेबलावर काम करत बसला होता. त्याच्या कंपनीचं यंत्र सोमवारी इस्पितळात जायचं होतं. नुकत्या जन्मलेल्या बाळांना ऊब देणारं यंत्र. बाळ जास्त तापलं, की त्यातला छोटा भाग आतल्या मुख्य चिपला हाक मारतो. कोणाची हाक कोणत्या दारात वाजवायची, याचा एक नकाशा लिहावा लागतो. नुसते आकडे असतात. एका ओळीत एक आकडा कमी पडला, की पुढच्या सगळ्या हाका एका घराने सरकतात.

हे मला जयंतीने समजावलं होतं.

जयंती लोकेशबरोबर काम करायची. दर रविवारी आमच्याकडे जेवायची. नकाशा वाचणारा जो प्रोग्राम असतो, ज्याला हे लोक कंपायलर म्हणतात, त्यात ओळीतले आकडे मोजायची तपासणी तिने घातली होती. चूक सापडली की ती तोंडाने काही बोलायची नाही. बोटाच्या पेराने टेबलावर दोनदा टकटक करायची.

लोकेश चिडायचा. “तुझी ती किरकिर बंद करून टाकीन एक दिवस.”

ती म्हणायची, “कर. तापलेल्या बाळाची हाक पंख्याच्या दारात गेली, की मग त्याच्या आईला तूच समजाव.”

त्याआधीच्या कार्तिकात डेंग्यूने गेली पोरगी. सहा दिवसांत.

त्या रविवारी जेवताना मीच विचारलं होतं, “लोकेशा, तुझं यंत्र तपासून झालं?”

“सूचना फार येत होत्या, अम्मा. बंद करून टाकल्या. यंत्र चालतंय ना, मग?”

“जयंतीची तपासणी?”

“तीच.”

असं म्हणून त्याने पालेभाजीच्या सारात, बस्सारूत, नाचणीच्या मुद्देचा घास बुडवला. मी त्याला आणखी वाढलं. बोलायला हवं होतं.

तीन वाजता मी देवघरात निरांजन लावलं. हातात घंटा घेतली, हलवली...

घंटा वाजली नाही.

वाजली, पण शेजारी स्वयंपाकघरात.

मी घंटेकडे पाहिलं. पुन्हा हलवली. आतला लोळा आपटताना हाताला कळत होता... आणि नाद भिंतीपलीकडे.

स्वयंपाकघरात गेले. तिथे कोणी नव्हतं. एक भांडं हातातून सुटलं. पायाशी पडलं, लवंडलं, आवाज नाही.

खणखणाट न्हाणीघरात झाला.

माझ्या अंगावर काटा आला. भीतीने थोडा, रागाने जास्त. माझ्या घरात हे कोण करतंय?

तेवढ्यात टकटक झाली.

दोनदा.

“कोण आहे?” लोकेश म्हणाला. तो मला दिसत होता, हॉलमध्ये खुर्चीवर बसलेला. ओठ त्याचे हलले... आवाज बाळाच्या खोलीतून आला.

तो टेबलाकडे पाहत राहिला.

आणि मग बाळ रडलं.

वर. कुलूपबंद खोल्यांत.

माझा नातू चार महिन्यांचा. असं रडणं मी त्याचं कधी ऐकलं नव्हतं. माझी सून तेजस्विनी मागच्या अंगणात कपडे काढत होती, ती मागच्या दाराशी धावत आली.

“अत्ते, बाळाला वर कोणी नेलं?”

उत्तराला ती थांबलीच नाही. लोकेशने किल्ली घेतली आणि दोघं जिन्याने वर पळाले. वाटेतल्या खोलीत कोणी डोकावलंही नाही. जिथून हाक आली तिकडे धावले.

मीही निघाले. गुडघे दुखतात, म्हणून मागे राहिले. गुडघ्यांचे उपकार.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर मला सुचलं. देवघराची घंटा स्वयंपाकघरात. स्वयंपाकघरातलं भांडं न्हाणीघरात. हॉलमधला लोकेश बाळाच्या खोलीत. कारखान्यात एक पिन चुकली, की पुढच्या सगळ्या तारा अशाच चुकायच्या.

मग वर रडतंय ते कुठलं?

वरचा आवाज बारीक होत चालला होता...

मी वळले. बाळाच्या खोलीत आले.

साडीची झोळी हलत होती. आवाज अजिबात नाही. झोळी पिळली गेली होती आणि कापड त्याच्या तोंडावर आवळलं होतं. मी दातांनी गाठी सोडवल्या. कापड ओढलं. चेहरा निळा. तोंड उघडं, जीभ थरथरतेय, आणि जराही आवाज नाही.

मी त्याला उचललं. पाठीवर थोपटलं.

वरचं रडणं तुटलं.

आणि माझ्या खांद्यावर सुरू झालं.

लोकेश धावत खाली आला. “वर कोणीच नाही, अम्मा.” मग त्याची नजर टेबलावर गेली. संगणकावर एक ओळ उमटली होती. इंग्रजी मला येत नाही. त्यानेच वाचली, हळू आवाजात. नकाशाच्या अमुक ओळीत एक आकडा कमी आहे.

“मी हे बंद केलं होतं.”

“मग उघडलं कोणी?”

त्याने आकडा भरला. पुन्हा सगळं तपासलं. यंत्र सोमवारी गेलं नाही, गुरुवारी गेलं.

मला एकच गोष्ट झोपू देत नाही. झोळीला मी नेहमी एक गाठ मारते. त्या दिवशी मी दोन सोडवल्या.

जयंती बाळाला वाचवायला आली होती, की लोकेशला चूक दाखवायला? दाखवायलाच आली असेल, तर माझ्याच नातवाचा जीव सापडला तिला? जेवू घातलं होतं मी तिला. या घरी पुन्हा आलीस तर मला जाब दे, असं मी रोज दिव्यापुढे म्हणते. घंटा मात्र वाजवायची मला अजून हिंमत होत नाही.

काल पाहुणे आले होते. लोकेश पुन्हा तेच हसत म्हणाला, अम्माचे कान म्हातारे झालेत, वारा होता तो. वर सांगितलं, नव्या यंत्राचं काम घाईत आहे, सूचना सध्या बंद ठेवल्यात.

मी कॉफीचा पेला खाली ठेवला. सगळ्यांसमोर म्हटलं, “लोकेशा, जे ओरडून सांगतं त्याचं तू तोंड बांधतोस. आजपासून माझ्या नातवाजवळ तू एकटा बसायचं नाहीस.”